झडपा डोक्यावर गेल्या तेव्हा

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. तो आहे एका पोकळ पोलादी नळीचा. कारागीर तिला रॉकर शाफ्ट म्हणतात. जुन्या मोटारीचे इंजिन खोलून पुन्हा जुळवताना ही नळी नीट बसली की नाही, यावर त्या इंजिनाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. तेव्हा ती तेथे आली कशी, हे आधी पाहू.

आरंभीच्या पुष्कळ मोटारींत झडपा सिलिंडरच्या बाजूला असत. फोर्डची १९०८ ते १९२७ या काळात निघालेली ‘मॉडेल टी’ त्याच जातीची. खाली कॅमशाफ्ट आणि त्याच्यावर झडप, इतकी ती रचना सुटसुटीत होती. तथापि त्यामुळे ज्वलनाची जागा एका अंगाला पसरे, वायूला आत येताना व बाहेर पडताना वळसा पडे आणि इंजिनाची ताकद वाढविण्यास मर्यादा येई. अमेरिकेत डेव्हिड ब्यूक या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या, नळकामाच्या धंद्यातून आलेल्या गृहस्थाच्या कारखान्यात वॉल्टर मार आणि यूजीन रिचर्ड यांनी यावर काम केले. १९०४ साली विक्रीस आलेल्या ब्यूक गाडीत झडपा सिलिंडरच्या डोक्यावर होत्या.

कॅमशाफ्ट मात्र खालीच राहिला. त्याचा धक्का वर पोचवून उलट फिरवायचा, तर मध्ये दुवा हवा. म्हणून उभे पुशरॉड आले, आणि वर तराजूच्या दांडीसारखे झुलणारे रॉकर आले. हे रॉकर ज्या दांड्यावर झुलतात, तोच आपला रॉकर शाफ्ट.

ब्रिटनमध्ये लोकांच्या गाड्यांत हा बदल सावकाश आला. १९४८ चा मॉरिस मायनर अजून बाजूच्या झडपांचाच होता. १९५२ साली ऑस्टिन व मॉरिस यांची ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली, तेव्हा त्यात ऑस्टिनचे डोक्यावरच्या झडपांचे इंजिन बसू लागले. त्याच संस्थेचे १४८९ घनसेंटिमीटरचे ‘बी-सीरीज’ इंजिन पुढे अँबॅसडरमधून आपल्या रस्त्यांवर आले. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडर बनणे २०१४ साली थांबले. गाड्या मात्र उरल्या आहेत, आणि त्या जपणारेही.

आता या इंजिनाचा रॉकर शाफ्ट पाहा. तो चार आधारांवर बसतो. त्याची दोन्ही टोके बुचांनी बंद असतात. एका आधारातून वंगण आत शिरते आणि प्रत्येक रॉकरपाशी असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर येते. ही छिद्रे कोणत्या अंगाला ठेवावीत? नवशिका म्हणेल, वर. तेल आपोआप ओघळेल. येथेच तो फसतो. पुशरॉड रॉकरचे एक टोक वर लोटतो आणि झडपेची स्प्रिंग दुसरे टोक वर लोटते. मधला भार साहजिकच शाफ्टच्या खालच्या अंगावर पडतो आणि झीजही तेथेच होते. जेथे भार, तेथे वंगण. म्हणून छिद्रे खाली हवीत. शाफ्ट फिरू नये म्हणून आधारातून एक लहानसा स्क्रू त्यात जातो. तो नीट बसलाच पाहिजे. तेलाची वाट आणि शाफ्टचे छिद्र समोरासमोर आले नाही, तर रॉकर कोरडे चालतात.

दुसरी गोष्ट नटांची. आधार आवळणाऱ्या आठ नटांपैकी चार नट सिलिंडर हेडही धरून ठेवतात. म्हणून शाफ्ट काढण्यापूर्वी पाणी सोडावे आणि हेडचे उरलेले सात नटही क्रमाने, थोडे थोडे सैल करावे. घाई केली तर हेड वाकू शकते आणि पाणी सिलिंडरात व तेलात उतरते. आवळतानाही तोच संयम हवा. त्यानंतर झडपांचे अंतर. झडपा आठ आहेत. जी झडप पूर्ण दाबलेली असेल तिचा क्रमांक नवातून वजा करावा आणि उरेल त्या क्रमांकाची झडप जुळवावी. पहिली दाबलेली असेल तर आठवी, तिसरी असेल तर सहावी.

येथे एक वाद उभा राहतो. शाफ्टवर नखाला कड लागेल इतकी झीज असेल तर काय करावे? इतिहासप्रेमी म्हणतो, मूळचा भाग राहू द्या. मिस्त्री म्हणतो, बदला. माझे मत मिस्त्रीच्या बाजूचे आहे. झिजलेला शाफ्ट आग्रहाने ठेवला तर तो रॉकरही खराब करील, आणि मूळचे एक वाचवताना मूळची आठ जातील. जुना शाफ्ट पुसून, तेल लावून, त्यावर तारखेची चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. तोही कागदपत्रच आहे.

वरचे झाकण बसले की आतली चूक कोणाला दिसत नाही. गाडी सुरू होते, मालक खूश होतो. टकटक पुढे केव्हातरी ऐकू येते. म्हणून हे काम शेवटी कारागिराच्या सचोटीवर येऊन ठेपते. ज्या हातांना हे ठाऊक आहे ते आता वृद्ध होत आहेत. तुमच्या गावात असा एखादा मिस्त्री असेल, तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. छिद्रे खाली का ठेवायची, हे त्याच्या तोंडून ऐका आणि लिहून ठेवा.