पद्मिनीचा कॅमशाफ्ट

मंडळी, ह्या वीकांताला कोडिंग नाही, लोखंड! नंदुरबारजवळ रनाळ्याला माझे मामा राहतात. त्यांच्याकडे १९९१ ची प्रीमियर पद्मिनी आहे. नंबर प्लेट एमएच १८, म्हणजे धुळ्याची. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, म्हणजे गाडी जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी. तिचा कॅमशाफ्ट झिजलाय. दुसरा कुठला घ्यायचा, हे शोधायचं काम 'कॉम्प्युटरवाल्या' भाच्याकडे आलं.

कॅमशाफ्ट म्हणजे एक दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा ह्याचा एक. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती आणि किती वेळ, हे सगळं त्या उंचवट्यांच्या आकारात. आमच्या भाषेत इंजिनाचा प्रोग्रामच, फक्त लोखंडात लिहिलेला. उंचवटा झिजला की सिलिंडर पोटभर श्वास घेत नाही आणि गाडी चढावर धापा टाकते.

आता गंमत बघा. हे १०८९ सीसीचं इंजिन मुळात १९३७ च्या फियाटचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. आपल्याकडे ते आणलं प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं. ही कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढली. त्यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. १९५३ साली ते गेले, म्हणजे फियाट ११०० कुर्ल्यात जुळायला लागायच्या आधीच. पुढे फियाटची 'पद्मिनी' झाली. पण लायसन्स-परमिटचा जमाना! स्पर्धा नाही, गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेलं. मग इंजिन बदलायचं कशाला? इटलीत नवी मॉडेल्स येत राहिली, कुर्ल्यात तेच इंजिन शतक संपेपर्यंत चाललं.

ह्या साचलेपणाला आपण सगळ्यांनीच शिव्या घातल्यात, आणि बरोबरच आहे. पण त्याचीच दुसरी बाजू म्हणजे मामांची गाडी अजून दुरुस्त होऊ शकते. मूळ रचना दशकानुदशकं तीच राहिल्यामुळे एका पद्मिनीचा भाग दुसरीला बसायची शक्यता भरपूर. जबरदस्त बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी!

असो. पर्याय होते तीन. पहिला, जास्त लिफ्टचा आणि व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा 'शर्यतीचा' आकार. ह्यात वरच्या आरपीएमला ताकद मिळते, पण खाली इंजिन मलूल होतं आणि आयडलिंगला थरथरतं. मामा म्हणाले, "भाचा, मला नंदुरबारच्या मिरची बाजाराला जायचंय, शर्यतीला नाही." विषय संपला.

दुसरा, जुनाच शाफ्ट ग्राइंड करून घेणं. स्वस्त आहे, पण सगळे उंचवटे सारखे आणि मूळ आकाराचे हवेत. शिवाय ग्राइंडिंगमध्ये बुडाचा गोल लहान होतो, मग टॅपेटची सेटिंग पुरेल का तेही बघावं लागतं. वरचा कडक थर निघून गेला तर नवा आकारही भराभर झिजतो.

तिसरा, मुंबईच्या एका स्पेअरवाल्याकडे डब्यात पडून असलेला, न वापरलेला मूळ शाफ्ट. आम्ही हाच घेतला. आधी बेअरिंगच्या जागा आणि आठही उंचवटे मायक्रोमीटरनं मोजले. टॅपेटही नवे घेतले, कारण जुने टॅपेट जुन्या उंचवट्यांवर घासून बसलेले असतात आणि नव्या शाफ्टला खाऊन टाकतात. ऑइल झिंक जास्त असलेलं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की आयडलवर सोडायचं नाही, वीसेक मिनिटं १५०० ते २००० आरपीएमवर ठेवायचं.

आता खरी काळजी. काळ्या-पिवळ्या टॅक्स्या होत्या तोवर स्पेअरला गिऱ्हाईक होतं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीची टॅक्सी बंद झाली. आता दुकानदारानं हे डबे कुणासाठी जपायचे? तिकडे वालचंदांच्याच सोलापुरात १९९२ मध्ये प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सुरू झाली आणि जनरल मोटर्स, फोर्डसारख्यांना शाफ्ट पुरवू लागली. कौतुकच आहे! पण असले कारखाने लाखांच्या ऑर्डरींवर चालतात, आणि आपल्याला हवा एक नग.

तेव्हा घरी पद्मिनी असेल तर गाडी बंद पडायची वाट बघू नका. एक मूळ कॅमशाफ्ट आणि आठ टॅपेट आत्ताच घेऊन, ग्रीस लावून, कपाटात ठेवा. आम्ही दोन सेट घेतले.