नाशिकची जुनी छायाचित्रे
नाशिकच्या वास्तू व दैनंदिन जीवन टिपणारी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची छायाचित्रे. 1854 मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि ही कला पश्चिम भारतात रुजली. रामकुंड, 1747 मधील नारोशंकर मंदिर, काळाराम मंदिर, सरकारवाडा व पांडवलेणी हे यांतील प्रमुख विषय. नदीघाटाच्या चित्रांत दगडी पायऱ्यांवर धुणे धुणाऱ्या बायका, तांब्या-पितळेची भांडी, वाळत घातलेली लुगडी दिसतात. व्हिक्टोरिया पूल (आजचा अहिल्याबाई होळकर पूल) चित्रात आहे की नाही, यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. नंतरच्या चित्रांत घाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले, यावरून पुराची उंची कळते. जुने वाडे पडत असताना ही छायाचित्रे शहराच्या स्मृतीचा अनमोल पुरावा आहेत.