रॉक मशीनचे दुसरे आगमन

मुंबईच्या 'रॉक मशीन' या बँडचा दुसरा अल्बम १९९० साली आला. नाव 'द सेकंड कमिंग'. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नाव वाचताच येट्सची १९१९ सालची कविता आठवणार, आणि तिच्यातल्याच शब्दांवरून चिनुआ अचेबे यांनी १९५८ च्या आपल्या कादंबरीचे शीर्षक बेतले होते, हेही आठवणार. बँडच्या मनात येट्स होता की नुसता दुसऱ्या खेपेचा शब्दखेळ, हा प्रश्न बाजूला ठेवू. अचेबे मात्र इथे उगाच आलेले नाहीत. परक्यांकडून आलेला प्रकार हाती घेऊन त्यात आपले काही सांगता येते का, हा त्यांचा प्रश्न आणि उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन, जयेश गांधी, झुबिन बालापोरिया या मंडळींपुढचा प्रश्न एकाच जातकुळीचा आहे.

बँड उभा राहिला १९८४ मध्ये. त्या काळी मुंबईत रॉक वाजवणे म्हणजे मुख्यतः महाविद्यालयीन महोत्सवांत किंवा धोबीतलावच्या रंगभवनात परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी वाजवून दाखवणे. श्रोते मूळ ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहत. गिटारचा तुकडा हुबेहूब उतरला की टाळ्या. यात कौशल्य होतेच, पण ते अनुवादकाचेही नव्हे, नकलनविसाचे. रॉक मशीननेही सुरुवात अशीच केली. पुढे स्वतःची गाणी रचायला घेतली आणि १९८८ साली त्यांचा पहिला अल्बम 'रॉक अँड रोल रेनेगेड' निघाला.

पहिल्या अल्बमला नवलाईचे कवच असते. 'आपल्या मुलांनी इंग्रजीत स्वतःचे रॉक केले' एवढ्या कौतुकावर तो तरून जातो. दुसऱ्याला ही सवलत नाही. म्हणूनच मला 'रेनेगेड'पेक्षा 'सेकंड कमिंग' हा इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. स्वतःचे गाणे ही हौस होती की धंदा, याचे उत्तर इथे मिळते.

इंग्लंडात हा प्रश्न निराळा होता. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मधला आणि दुसरा, 'पॅरानॉइड', त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला. त्याचे शीर्षकगीत तर ऐनवेळी, जागा भरायला म्हणून झटपट रचलेले. कंपनी, रेडिओ, दौरे यांचे यंत्र फिरत होते. बँडने फक्त त्याच्या वेगाने धावायचे होते. आपल्याकडच्या रॉक मशीनजवळ 'मशीन' होते ते नावात. घराघरांत एकटे दूरदर्शन. उदारीकरण १९९१ चे, उपग्रह वाहिन्याही त्याच वर्षीच्या. म्हणजे हा अल्बम आला तेव्हा तो ज्या बाजारात खपायचा, तो बाजारच अजून यायचा होता.

होती ती कॅसेट. तिचे ऋण आपल्या सांस्कृतिक इतिहासात पुरेसे मोजले गेलेले नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरच्या बाजारात देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी विकल्या जात. संबळाचा घणघणाट यात्रेकरू पिशवीत घालून घरी नेई. ज्या स्वस्त चुंबकीय फितीने गोंधळ आणि आराध्यांची गाणी खेडोपाडी पोचवली, तिनेच मुंबईतल्या मूठभर तरुणांची इंग्रजी गाणीही इतर शहरांतल्या वसतिगृहांपर्यंत नेली. आणि आवाजाच्या जडपणाचेच म्हणाल, तर संबळ आणि हलगी ऐकत वाढलेल्या कानाला हार्ड रॉकच्या ढोलांचे भय वाटण्याचे कारण नाही. परकी वाटली ती भाषा.

भाषेचा हा मुद्दा हळवा आहे. त्याच दशकात नेमाडे देशीवाद मांडत होते, आणि त्या निकषावर रॉक मशीन पहिल्याच फेरीत बाद होते. पण मग अरुण कोलटकरांचे काय करायचे? १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी इंग्रजीत गाणी लिहिली, ध्वनिमुद्रितही केली, आणि पखवाज शिकले ते अर्जुन शेजवळांकडे. या दोन गोष्टी एकाच माणसाने केल्या. त्यांची गाणी कवीचा छंद म्हणून आपण आदराने नोंदवतो. रॉक मशीनच्या गाण्यांना मात्र मराठी मुलखाच्या इतिहासात नोंदीपुरतीही जागा देत नाही. हा न्याय मला पटत नाही. मुंबई द्वैभाषिक आहे हे कवितेत मान्य करायचे आणि गिटारच्या बाबतीत नाकारायचे, असे चालणार नाही.

अर्थात भाषेचा आणि नावाचा पेच बँडलाही जाणवत असावा. १९९३ मध्ये त्यांनी 'रॉक मशीन' हे नाव टाकून 'इंडस क्रीड' हे घेतले. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. नव्या नावाचा अल्बम १९९५ चा. तोवर वाहिन्या आल्या होत्या, पण त्यांना हवे होते हिंदी पॉप. १९९७ मध्ये बँड थांबला. २०१० मध्ये तो पुन्हा जमला आणि २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' काढला, तेव्हा कॅसेटींची दुकाने बंद झालेली होती आणि शेजारच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्रात गेलेल्या रंगभवनात रॉकचा आवाज उरला नव्हता.