पाती, परगणे आणि नकाशाची रेषा

अठराव्या शतकात माळव्यात स्थिरावलेल्या मराठी सरदारांचा मुलूख परगण्यांच्या, महालांच्या आणि मौज्यांच्या यादीने ओळखला जाई. पेशव्यांनी शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात वाटणी केली ती मुख्यतः उत्पन्नाची, आणि ज्या गावांतून ते उत्पन्न यायचे ती एकमेकांना लागून असावीत, अशी गरज त्या व्यवस्थेत नव्हती. धारच्या पवारांचा बेरसिया परगणा भोपाळच्याही उत्तरेला होता. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जप्त केलेले धार संस्थान १८६० मध्ये तिसऱ्या आनंदरावांना परत मिळाले, तेव्हा हा सुटा परगणा मात्र भोपाळच्या बेगमेकडे गेला. देवासचा प्रकार याहून गुंतागुंतीचा. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंच्या वंशात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली, १८४१ नंतर त्यांचा कारभार वेगळा चालू लागला, तरी गावे एकमेकांत मिसळलेलीच राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी थोरलीचे क्षेत्र ४४६ आणि धाकटीचे ४४० चौरस मैल नोंदले गेले, आणि राजधानीच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंना दिवाबत्तीची व पाण्याची सोयही दोन दरबारांची वेगवेगळी होती. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांकडे खाजगी सचिव असलेल्या ई. एम. फॉर्स्टरच्या इंग्रज वाचकांना यात गंमत वाटली असेल. महसुली कारकुनाला तो रोजचा हिशेब होता.

हा मुलूख कागदावर रेषांनी मांडण्याचे काम होळकर आणि इंग्रज यांच्यातील १८१८ च्या मंदसोर तहानंतर वेगाने सुरू झाले. माळव्यातील इंग्रज प्रशासक जॉन माल्कमच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी केलेल्या मार्गमोजणीतून, म्हणजे वाटेने जाताना अंतर आणि दिशा टिपून, मध्य भारताचा नकाशा तयार झाला आणि १८२३ मध्ये माल्कमच्या माळव्यावरील ग्रंथाबरोबर तो प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जानेवारीत वर्धा भागातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्टनचा मृत्यू झाला. १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा मोजून त्याने आरंभलेली त्रिकोणमितीय मोजणी, ज्यात एकच अंतर प्रत्यक्ष मोजतात आणि पुढची सर्व स्थाने कोनांवरून गणिताने काढतात, जॉर्ज एव्हरेस्टने उत्तरेकडे नेली. त्याने पुढची पायारेषा १८२४-२५ मध्ये सिरोंज येथे मोजली आणि १८३७-३८ मध्ये सुधारित उपकरणांनी पुन्हा मोजली. सिरोंजजवळचे कल्याणपूर हेच पुढे भारतीय मोजणीचे आरंभस्थान ठरले. पृथ्वीचा आकार गणितात मांडण्यासाठी घेतलेला लंबगोल ज्या ठिकाणी जमिनीशी जोडतात आणि जिथून बाकीचे अक्षांश-रेखांश निघतात, ते हे ठिकाण. प्राचीन ज्योतिषात शून्य रेखावृत्त ज्या उज्जैनवरून जात असे, तेही याच पठारावरचे, हा योगायोग असला तरी नोंदण्याजोगा आहे.

मोजणीने टेकडी कुठे आहे हे अचूक सांगितले. गाव कोणाचे, याचे उत्तर दप्तरातच राहिले. १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सनने जमिनीच्या नोंदींसाठी संगणकीय भौगोलिक माहिती प्रणाली उभारली, तेव्हा हे दोन प्रश्न एकत्र आले, कारण या प्रणालीत प्रत्येक आकृतीला माहितीच्या तक्त्यातील एक ओळ जोडलेली असते. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या जनगणना खात्याने प्रत्येक रेषेच्या डावीकडे काय आणि उजवीकडे काय हे रेषेबरोबरच नोंदण्याची पद्धत आणली. देवासचा मुख्य रस्ता त्या पद्धतीत सहज बसला असता. विखुरलेल्या गावांसाठी बहुखंडी आकृती, म्हणजे अनेक तुकडे मिळून एकच घटक मानलेली आकृती, पुढे प्रमाण झाली. मात्र ज्या गावाचा महसूल दोघांत वाटलेला असे, त्याला एका रंगाने भरणे आजही खोटेच ठरते; सीमांची अनिश्चितता आणि संदिग्धता या प्रश्नांना मायकेल गुडचाइल्डने १९९२ मध्ये स्वतंत्र शास्त्राचा दर्जा मागितला, तो योग्यच म्हणावा लागेल.

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या ओपन जीआयएस कन्सॉर्शियमने २००० मध्ये जाळ्यावरून नकाशा पुरवण्याचे प्रमाण ठरवले: मागणारा चार कोपऱ्यांची मर्यादा, थर आणि निर्देशांक-पद्धती कळवतो आणि दूरचा संगणक तयार चित्र पाठवतो, त्यानंतरच्या दुसऱ्या प्रमाणात चित्राऐवजी आकृती आणि तिची माहिती मिळते. २००९ मध्ये सुरू झालेले इस्रोचे भुवन हे संकेतस्थळही याच मार्गाने थर पुरवते. पण मागणी नावाने आली की अडचण होते. राजगढ म्हटले की धार जिल्ह्यात सरदारपूरजवळचे गाव, मध्य प्रदेशातलाच त्या नावाचा जिल्हा, राजस्थानातील गावे आणि पुणे जिल्ह्यातील शिवरायांचा राजगड, सगळेच समोर येतात. म्हणून लिंडा हिल यांनी २००० मध्ये स्थलनामकोशाच्या नोंदीसाठी नाव, प्रकार आणि जागा हे तीन घटक किमान मानले.

निर्देशांक-पद्धती कळवताना मागणारा एक सांकेतिक क्रमांक देतो, आणि त्या क्रमांकांच्या जागतिक सूचीत कल्याणपूर १८८०, १९३७, १९६२ आणि १९७५ अशा चार वेगळ्या नोंदी आहेत. जुना मोजणी-नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवताना यांपैकी चुकीची निवडली, तर नदी आणि तिचा काठ एकमेकांपासून सरकतात. भारताच्या २००५ च्या नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुली नकाशामालिका जागतिक आधारावर, म्हणजे १९८४ च्या लंबगोलावर, काढण्याचे ठरवले, तरी त्यापूर्वीच्या शतकभराच्या पत्रकांना कल्याणपूरचाच आधार आहे.

काळाचा प्रश्न यानंतरचा. चीनच्या ऐतिहासिक माहिती प्रणालीत प्रत्येक प्रशासकीय घटकाला आरंभवर्ष आणि अंत्यवर्ष दिलेले असते. माळव्यासाठी असे कोष्टक केले, तर १९४८ मध्ये मध्य भारत राज्यात विलीन झालेल्या धार आणि देवासच्या दोन्ही पातींच्या ओळी तिथे बंद होतील आणि आजच्या जिल्ह्यांच्या ओळी शिंदे-होळकरांच्या तुकड्यांसह उघडतील. सिरोंजला मात्र, होळकरांनी ते अमीरखान या आपल्या सरदाराला दिल्यानंतर, टोंक संस्थान, विलीनीकरणानंतर राजस्थानातील कोटा जिल्हा आणि १९५६ नंतर मध्य प्रदेशातील विदिशा अशा निदान तीन ओळी लागतील, जरी पायारेषेची दोन टोके जागची हललेली नाहीत.