काशीत घडलेलं इंजिन

काशी म्हटलं की मराठी माणसाला अहिल्याबाई आठवतात, गागाभट्ट आठवतात. आज मात्र घाट सोडून मी तुम्हाला एका कारखान्यात नेणार आहे. डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स, म्हणजेच डीएलडब्ल्यू. 2020 पासून त्याचं नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे.

आधी एक घोळ निस्तरू. मराठीत आपण गाडी ओढणाऱ्या अख्ख्या यंत्रालाही इंजिन म्हणतो आणि त्याच्या पोटातल्या डिझेल यंत्रालाही. आजची गोष्ट या पोटातल्या इंजिनाची.

23 एप्रिल 1956 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथे पायाभरणी केली. पुढे अमेरिकेच्या आल्को कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार झाला आणि जानेवारी 1964 मध्ये पहिलं लोकोमोटिव्ह बाहेर पडलं. ते राष्ट्राला अर्पण केलं लालबहादूर शास्त्रींनी. ते माजी रेल्वेमंत्री आणि शिकलेले याच शहरात.

त्या लोकोमोटिव्हचं नाव डब्ल्यूडीएम-2. पोटात व्ही आकारात मांडलेले 16 सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 9 इंच, एकूण घनफळ सुमारे 175 लिटर आणि ताकद 2600 अश्वशक्ती. माझ्या नोकरीत रणगाडे नेणाऱ्या लष्करी गाड्यांना हीच धुडं लागायची. फलाटावर उभं राहिलं की पायाखाली थरथर जाणवायची. वरच्या टी-72 रणगाड्याचं इंजिन जेमतेम 39 लिटरचं, पण ताकद 780 अश्वशक्ती. लिटरमागे हिशेब केला तर रणगाडा सरस! पण रणगाड्याला लढाईपुरतं धावायचं असतं. रेल्वेच्या इंजिनाला वर्षानुवर्षं, रोज, भर उन्हात ओझं ओढायचं असतं. माझ्या मते खरी कामगिरी ती.

ही ताकद येते टर्बोचार्जरमधून. बाहेर पडणारा गरम धूरच एक चक्र फिरवतो, ते चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं. गाडी सुटताना चक्राला वेग घ्यायला वेळ लागतो, तोवर डिझेल पुरतं जळत नाही. तो काळाकुट्ट धुराचा लोट आठवतो ना? तो यामुळे.

असं इंजिन नुसतं जोडणं आणि मुळापासून घडवणं यांत फार अंतर आहे. जाड पोलादी पत्रे वेल्डिंग करून त्याचा सांगाडा उभा करतात. वेल्डिंगमुळे पोलादात ताण राहतो, तो भट्टीत तापवून काढावा लागतो. मग क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांची भोकं एका रेषेत कोरायची. ती रेष केसभर चुकली तर पुढचं सगळं फुकट. हे नकाशे वाचून येत नाही. हात बसावा लागतो.

त्याची किंमत लवकरच कळली. 1969 मध्ये आल्कोनं लोकोमोटिव्ह बांधणंच बंद केलं. आपण नुसते गिऱ्हाईक असतो तर सुट्या भागांसाठी दारोदार हिंडलो असतो. फौजेत ही हलाखी काय असते ते मी पाहिलंय. पण काशीतलं काम थांबलं नाही. डब्ल्यूडीएम-2 अडीच हजारांवर बांधली गेली. त्याच 16 सिलिंडरांतून पुढे 3100, मग 3300 अश्वशक्ती काढली. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हा रत्नागिरी-कणकवलीकरांनी ऐकलेली धडधडही याच घराण्याची.

1995 मध्ये जनरल मोटर्सशी नवा करार झाला. त्यातून टू-स्ट्रोक, 4000 अश्वशक्तीचं इंजिन आलं. पण एव्हाना शिकणारे हात नवखे नव्हते.

मग विद्युतीकरणाचा जोर वाढला. याच कारखान्यात दोन जुनी डिझेल लोकोमोटिव्ह बदलून 10,000 अश्वशक्तीचं एक जोड विद्युत लोकोमोटिव्ह केलं गेलं. फेब्रुवारी 2019 मध्ये पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखवला. खर्च आणि धूर पाहता विद्युतीकरण मला पटतं. तरी बोचतंही. सांगाडा तोच ठेवला, आणि काढून टाकलं ते नेमकं पोटातलं इंजिन.