तळाचा मासा आणि माणसाचे जाळे

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, केरी हे गाव आहे. येथे तेरेखोल नदी समुद्राला मिळते आणि पलीकडच्या तीरावर तेरेखोलचा किल्ला उभा दिसतो. किल्ल्यांचा इतिहास आपण आवडीने ऐकतो. परंतु श्रोतेहो, त्या पाण्याखालच्या वाळूलाही इतिहास आहे.

युरोपच्या समशीतोष्ण समुद्रात गर्नार्ड नावाचा मासा तळाशी राहतो. त्याच्या छातीवरील परांचे दोन्ही बाजूंचे तीन-तीन काटे बोटांसारखे सुटे असतात. त्यांवर तो चालतो आणि त्यांनीच वाळू चाचपून भक्ष्य शोधतो. गोव्याच्या किनाऱ्यावरील तळाचा परिचित मासा म्हणजे लेपो. दोन्ही डोळे एकाच कुशीला असलेला हा चपटा जीव चिखलवाळूत अंग चोरून पडतो. शत्रूच्या नजरेतून ही युक्ती त्याला वाचवते. तळ खरवडीत येणाऱ्या जाळ्यापुढे मात्र ती व्यर्थ ठरते.

हे भय नवे नव्हे. १३७६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तिसऱ्या एडवर्डच्या पार्लमेंटपुढे एक गाऱ्हाणे आले. बारीक छिद्रांच्या, तळावरून ओढल्या जाणाऱ्या जड जाळ्याने समुद्रातील वनस्पती आणि लहान मासळी नष्ट होते. ही मासळी इतकी निघते की ती डुकरांना चारतात, अशी ती तक्रार होती.

सहाशे वर्षांनी तोच वाद गोव्यात उभा राहिला. येथील पारंपरिक रापण किनाऱ्यावरून, अनेक हातांनी ओढायची. तिची धाव माणसांच्या बळापुरती. १९६१ च्या मुक्तीनंतर यांत्रिक ट्रॉलर आले. कोळंबीला परदेशी भाव होता आणि कोळंबी तळाशीच राहते. म्हणून ट्रॉलरचे जाळे किनाऱ्याजवळचा तळ पुन्हा पुन्हा ओढू लागले. १९७० नंतरच्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने रापणकार संघटित झाले. या लढ्यामागोमाग १९८० मध्ये गोवा, दमण व दीवसाठी सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. त्यान्वये किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा ट्रॉलरना बंद ठरला. आज १ जून ते ३१ जुलै हा काळही यांत्रिक मासेमारीला वर्ज्य आहे.

लेपो गाऱ्हाणे घेऊन कोणाच्या दारी जाणार नाही. त्याची बाजू मांडली, ती त्याच्यावर पोट असलेल्या माणसांनी. त्यांनी मिळवलेली ही मर्यादा पाण्यावरची रेघ ठरू नये, हे पाहणे आता शासनाचे आणि आपणा सर्वांचे काम आहे.