डोळ्याला लावायच्या पेटीचं कूळ

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या बसस्थानकावर कुणी डोळ्यांना हेडसेट बांधून हवेत बोटं फिरवत काम करायला लागला, तर दोन मिनिटांत भोवती कोंडाळं जमेल आणि कुणीतरी विचारेलच, "काय दिसायलंय ओ?" जत्रेतल्या बायस्कोपच्या पेटीभोवतीही हीच विचारणा व्हायची. पण पेटीवाला आतली चित्रं गाऊन सांगायचा, त्यामुळे खिशात पैसे नसलेल्यालाही निम्मा खेळ कानानं मिळे.

सर्वांना एकदम दाखवायची शाखा वेगळी. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 1890च्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रं 'शांबरिक खरोलिका' या नावानं पडद्यावर दाखवली. तंबू टॉकीज त्याच घराण्यातली. हेडसेट तिचा भाऊबंद, पण 'ज्याचं त्यानं पाहावं' या शाखेतला.

या शाखेचा मूळपुरुष चार्ल्स व्हीटस्टन. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रं दिली की मेंदू त्यांतून खोली उभी करतो, हे त्यानं 1838 मध्ये स्टिरिओस्कोप मांडून दाखवलं. पुढं 1968 मध्ये आयव्हन सदरलँडनं संगणकानं काढलेल्या रेघा समोरच्या खऱ्या खोलीवर चढवल्या. ते यंत्र छताला टांगलेलं असे! 1990च्या सुमारास विमानं बनवणाऱ्या बोइंगमधल्या टॉम कॉडेलनं या युक्तीला 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' म्हटलं. तारा जोडणाऱ्या कामगाराला कुठली तार कुठून न्यायची ते डोळ्यांसमोरच दिसावं, एवढाच हेतू. म्हणजे खेळणं म्हणून विकलं जाणारं हे साधन कारखान्यातही राबलेलं आहे.

चारचौघांत मात्र त्याची पत गेली ती 2013च्या गूगल ग्लास या कॅमेरावाल्या चष्म्यानं. समोरचा आपल्याकडे बघतोय की आपलं चित्रीकरण करतोय, हे कळेना. काही हॉटेलांनी चष्मेवाल्यांना दारातूनच परत पाठवलं. 2024च्या अ‍ॅपल व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये तर बाहेरच्या काचेवर घालणाऱ्याच्या डोळ्यांचं चित्र उमटतं. लोकांत बसून काम करायचं तर डोळे दिसले पाहिजेत, याची ही महागडी कबुलीच. मला विचाराल तर आतलं दृश्य शेजारच्याच्या मोबाइलवर दाखवावं. ती सोय या यंत्रांत आहेच आणि ती त्या काचेपेक्षा माणसांना जवळची वाटेल.

किल्लारीत या साधनाला खरं काम आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात इथं माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचं माळवदाचं ओझं अंगावर कोसळून. भूकंप सोसणाऱ्या दगडी घरात कोपरे बांधणारा पट्टा आणि भिंतीच्या आरपार जाणारे दगड असावे लागतात. गिलावा झाला की ते दिसत नाहीत. लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी बांधकाम चालू असतानाच ते टिपून ठेवावं. मग पुढं भिंत फोडायला आलेल्या गवंड्याला हेडसेटमधून पट्टा कुठून गेलाय ते आधी दिसेल. पोरांना त्यात डायनासोर दाखवणं नंतर करा.